रेडिओच्या सुरुवातीच्या काळातली संध्याकाळ: लोक नेमकं कसं ऐकत असतील?

बिनतारी

गेले काही महिने फावल्या वेळात एक क्रिस्टल सेट, म्हणजे जुन्या पद्धतीचा बिनबॅटरीचा रेडिओ, जुळवतोय. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या एनॅमल तारेचे नव्वद वेढे, एक जुना व्हेरिएबल कंडेन्सर, उंचावर ताणलेली लांब तार, जमिनीत ठोकलेली सळई आणि जास्त रोधाचा हेडफोन. आजचा डायोड लावला असता तर काम पाच मिनिटांत झालं असतं. पण मला १९२० च्या दशकात ऐकत तसंच ऐकायचं होतं, म्हणून मुद्दाम गॅलेनाचा खडा मिळवला. गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज. त्यावर एक बारीक, लवचीक तार हलकेच टेकवायची. तिला तेव्हा 'मांजराची मिशी' म्हणत. खड्याचा सगळा पृष्ठभाग कामाचा नसतो. कुठेतरी एखादा ठिपका बोलतो, बाकी सगळा मुका. तो ठिपका शोधणं हेच मुख्य काम.

पहिल्या रात्री पाऊण तास नुसती तार टोचत बसलो होतो. मग एकदम एक बाई बोलताना ऐकू आली. इतक्या हळू, की मी श्वास रोखून धरला. सेटला बॅटरी नाही, वीज नाही. लांबच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरींतली जेवढी शक्ती माझ्या तारेत उतरली, तेवढ्यावरच कानातला पत्रा थरथरत होता. तेवढ्यात कुणीतरी दार लावलं, टेबल किंचित हललं आणि बाई गेली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. जुन्या रेडिओचं चित्र म्हटलं की आपल्यासमोर येतं ते मोठं लाकडी कपाट आणि त्याच्याभोवती बसलेलं कुटुंब. पण ते चित्र बहुतांशी १९३० नंतरचं आहे. पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रापासून, म्हणजे २ नोव्हेंबर १९२० पासून रेडिओ सुरू झाला असं धरलं, तर पहिली चार-पाच वर्षं असंख्य घरांत 'भोवती बसणं' शक्यच नव्हतं. एक सेट, एक हेडफोन, एक माणूस. मग ती संध्याकाळ कशी जायची? ऐकणाऱ्याला काय करावं लागायचं? ज्यांनी या विषयात वाचलंय, ज्यांनी जुने सेट दुरुस्त केलेत, त्यांनी सविस्तर लिहा.

सुरावट

फार आवडलं. 'श्वास रोखून धरला' हे अगदी पटलं.

एका माणसापुरतंच होतं हे मात्र तितकंसं खरं नाही. हेडफोनच्या पट्टीतून दोन्ही चकत्या सोडवायच्या आणि दोघांनी एकेक कानाला लावायची, हे सर्रास चालायचं. दुसरी युक्ती म्हणजे हेडफोन एका खोलगट भांड्यात ठेवायचा. भांडं आवाज थोडा गोळा करतं आणि तीन-चार डोकी त्यावर वाकली तर सगळ्यांना काहीतरी ऐकू येतं. घरी करून बघा, चिनी मातीच्या वाडग्यात फरक लगेच कळतो.

मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती घरातली शांतता. एकाच्या कानाला हेडफोन आणि बाकीचे गप्प. त्यांना गाणं ऐकू येत नाही, पण ऐकणाऱ्याचा चेहरा दिसतो. तो हसला की सगळे विचारणार, 'काय म्हणाला?' म्हणजे घरातल्या बऱ्याच जणांनी आपला पहिला रेडिओ दुसऱ्याच्या तोंडून ऐकला असणार.

जुनी_पानं

बिनतारी, एक दुरुस्ती. केडीकेएपासून रेडिओ सुरू झाला असं सरसकट म्हणता येणार नाही. त्या रात्रीचं महत्त्व मोठं आहे यात वाद नाही. हार्डिंग आणि कॉक्स यांच्यातल्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल वर्तमानपत्राच्या कचेरीतून फोनवर यायचे आणि कारखान्याच्या छपरावरच्या एका खोपटातून वाचले जायचे. प्रक्षेपक होता १०० वॅटचा. ऐकणाऱ्यांनी आम्हाला कळवा, असं निवेदक मधूनमधून सांगत होता, कारण आपला आवाज कुठवर पोचतोय याची त्या खोपटातल्या कुणालाच कल्पना नव्हती.

पण त्याच्या वर्षभर आधी, ६ नोव्हेंबर १९१९ ला, हेगमध्ये हान्सो इदझेर्दा या इंजिनिअरने वर्तमानपत्रात आगाऊ जाहिरात देऊन संगीताचा कार्यक्रम प्रक्षेपित केला होता. आगाऊ जाहिरात हा शब्द लक्षात घ्या. आज संध्याकाळी अमुक वाजता सेट लावून बसा, असं अनोळखी माणसांना सांगणं इथे आलं. १५ जून १९२० ला इंग्लंडमध्ये चेम्सफर्डच्या मार्कोनी कारखान्यातून ऑपेरा गायिका नेली मेल्बा गायली. आणि २७ ऑगस्ट १९२० ला ब्वेनोस आयरेसमध्ये एन्रिके सुसिनी आणि त्याच्या मित्रांनी कोलिसेओ नाट्यगृहाच्या छपरावर प्रक्षेपक बसवून वाग्नरचा अख्खा ऑपेरा हवेत सोडला. त्यांचं यंत्र अवघ्या ५ वॅटचं. गच्चीवरचे वेडे हे त्यांचं नाव तिथे आजही आदराने घेतात.

पहिलं कोण, या वादात मला फारसा रस नाही. या चारही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. संध्याकाळी किंवा रात्री, दिवसाची कामं आटोपल्यावर, ठरलेल्या वेळेला, मूठभर माणसं कान लावून बसली होती. त्यातले बरेचसे जहाजावरचे बिनतारी संदेशवाहक किंवा हौशी. आयुष्यभर मोर्सचे कट्ट-कडकट्ट ऐकलेल्या त्या कानांवर अचानक माणसाचा आवाज आला. मी त्या क्षणावर अडकतो. पुढे काही सुचत नाही.

बिनतारी

दुरुस्तीबद्दल आभार. हेगबद्दल मला अजिबात माहीत नव्हतं. वरचा मजकूर तसाच ठेवतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना तुमच्या प्रतिसादाचा संदर्भ लागेल.

धातुशोधक

गॅलेनाचा विषय निघालाच आहे म्हणून एक नोंद. लहरी ओळखण्यासाठी गॅलेनाचा बिंदुस्पर्श वापरण्याच्या उपकरणाचं पेटंट जगदीशचंद्र बोस यांच्या नावावर आहे. अमेरिकेत अर्ज १९०१ चा, पेटंट मिळालं १९०४ साली. घरोघरच्या त्या 'मांजराच्या मिशी'मागे प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या एका प्राध्यापकाची बोटं आहेत, हे या धाग्यात यायलाच हवं.

रात्रपाळी

विषय संध्याकाळचा आहे, तर संध्याकाळच का, यावर लिहितो. लोकांना वेळ तेव्हाच मिळायचा हे एक कारण झालं. दुसरं कारण आकाशात आहे.

मध्यमलहरी (मीडियम वेव्ह) दिवसा जमिनीला धरून चालतात आणि काही अंतरावर दमतात. वर ६० ते ९० किलोमीटरवर सूर्यप्रकाशामुळे विद्युतभारित झालेला एक थर असतो, त्याला डी थर म्हणतात. वर जाणारी मध्यमलहर तो दिवसभर गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरत जातो. मग लहर त्याच्याही वरच्या थरांपर्यंत पोचते, तिथून वळते आणि शेकडो किलोमीटर लांब पुन्हा जमिनीवर उतरते. म्हणजे दुपारी ज्या सेटवर फक्त गावातलं केंद्र लागतं, त्याच सेटवर अंधार पडल्यावर परक्या देशातला वाद्यवृंद ऐकू येतो. यंत्रात काहीही बदललेलं नसतं.

आता त्या काळच्या माणसाच्या जागी बसून बघा. लहरींना परत वळवणारा असा काही थर वर असावा असं केनेली आणि हेविसाइड या शास्त्रज्ञांनी १९०२ सालीच सुचवलं होतं. पण त्याचा थेट पुरावा मिळाला डिसेंबर १९२४ मध्ये, ॲपलटन आणि बार्नेट यांना. गंमत बघा, त्यांनी प्रयोगासाठी बोर्नमथचं बीबीसीचं केंद्रच वापरलं, रात्रीचे कार्यक्रम संपल्यानंतर. ऑक्सफर्डला ऐकत बसले, केंद्राची लहर जराशी वरखाली करायला लावली आणि आवाज किती वेळा चढतो-उतरतो ते मोजलं. त्यावरून उंची निघाली सुमारे ९० ते १०० किलोमीटर. तोवर लाखो घरांतल्या माणसांनी तो थर रोज रात्री कानांनी अनुभवला होता. कशामुळे होतंय ते ठाऊक नव्हतं, पण थंडीतल्या रात्री दूरचं चांगलं लागतं, उन्हाळ्यात विजांची खरखर सगळं बुडवते, हे त्यांना शास्त्रज्ञ सांगायच्या आधीपासून पाठ होतं.

आवाज मोठा होत होत मध्येच विरून जाणं आणि पुन्हा वर येणं यामागेही हाच थर. जमिनीलगत आलेली लहर आणि आकाशातून उतरलेली लहर कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना पुसतात. नेमकी समेवर गाणं बुडालं म्हणून हळहळणारी माणसं तेव्हा रोज रात्री असणार.

चांदणवेल

रात्रपाळी, हा प्रतिसाद वाचल्यावर मी तीनदा खिडकीबाहेर बघितलं. वाचतेय, अजून लिहा सगळ्यांनी.

वाल्ववाला

मी जुने वाल्व सेट दुरुस्त करतो, त्यामुळे क्रिस्टलच्या पुढची पायरी सांगतो. क्रिस्टल सेटची धाव साधारण पंचवीस-तीस किलोमीटरची. त्यापुढचं नियमित ऐकायचं तर वाल्व, म्हणजे आवाज मोठा करणारी काचेची नळी, हवा आणि वाल्व आला की घरात बॅटऱ्यांचं कुटुंब यायचं.

वाल्वची तार तापवायला एक आम्लाची बॅटरी. ती दर थोड्या दिवसांनी उतरायची आणि उचलून भरून आणावी लागायची. जड, काचेची, आत गंधकाम्ल. थोडं सांडलं तरी सतरंजीला भोक. शिवाय साठ-नव्वद व्होल्टची वेगळी कोरडी बॅटरी. म्हणजे कार्यक्रम आठ वाजता असेल, तर तयारी आदल्या दिवसापासून. ऐन कार्यक्रमात वाल्वचा उजेड मंद व्हायला लागला की घरातल्यांच्या पोटात गोळा यायचा. दुरुस्तीला आलेल्या एका सेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बॅटरी भरल्याच्या तारखा पेन्सिलने लिहिलेल्या मला सापडल्या. त्या मी पुसल्या नाहीत. लाकडाला पॉलिश करतानाही तेवढी जागा सोडली.

मग ट्यूनिंग. १९२३ नंतरच्या न्यूट्रोडाइन नावाच्या वाल्व सेटला केंद्र लावायच्या तीन-तीन चकत्या असत आणि तिन्ही एकाच वेळी जुळाव्या लागत. चकतीवर केंद्रांची नावं नसायची, नुसते ० ते १०० आकडे. एखादं केंद्र लागलं की तिन्ही आकडे वहीत टिपून ठेवायचे, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. ही वही म्हणजे घरची दौलत.

त्याआधीचा आणि स्वस्तातला मार्ग म्हणजे रिजनरेटिव्ह सेट. आर्मस्ट्राँगने १९१२ मध्ये विद्यार्थी असताना शोधलेली युक्ती: वाल्वमधून बाहेर पडलेला आवाज थोडासा परत आत सोडायचा, तो पुन्हा मोठा होऊन येतो. एका वाल्वमध्ये केवढी ताकद! पण हे परत सोडणं जरा जास्त झालं की सेट स्वतःच प्रक्षेपक बनतो आणि आजूबाजूच्या सगळ्या घरांतल्या हेडफोनमध्ये शिट्टी वाजते. म्हणजे दूरचं केंद्र धरायला एकाने मूठ जरा जास्त फिरवली, की अख्ख्या आळीच्या मैफिलीत आरोळी. आणि शिट्टी कुणाच्या घरातून येतेय ते कळायला मार्ग नाही. बीबीसीचे पहिले मुख्य अभियंता पीटर एकर्स्ली हवेवरून लोकांना समजावत की कृपा करून सेट असा ओरडू देऊ नका. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एकाच्या ऐकण्यामुळे शेजाऱ्याचं ऐकणं बिघडू शकतं, ही जबाबदारी रेडिओबरोबर घरात आली.

सुरावट

वाल्ववाला, पेन्सिलच्या तारखा तुम्ही राखल्यात याबद्दल मनापासून धन्यवाद.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. वहीत आकडे टिपणारे, दूरचं केंद्र पकडणारे यांच्याबद्दलच आपण जास्त बोलतोय. केंद्राचं नाव ऐकलं, टिपलं, पुढे गेले. गाणं पुरतं ऐकलंच नाही! याला मी रेडिओ ऐकणं म्हणणार नाही. ज्या बाईने दिवसभर राबून रात्री अर्धा तास वाद्यवृंद ऐकला, आयुष्यात कधी संगीतसभेला न गेलेल्या माणसाने पहिल्यांदा व्हायोलिन ऐकलं, ती माझ्या मते त्या काळातली खरी संध्याकाळ.

वाल्ववाला

सुरावट, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण अर्धंच. १९२१-२२ मध्ये अमेरिकेत जवळजवळ सगळ्या केंद्रांना ३६० मीटर ही एकच लहर दिली होती. एका गावातली केंद्रं वेळ वाटून घेत. वर जहाजांच्या ठिणगी-प्रक्षेपकांची टरटर सगळ्यावर पसरलेली. अशा गर्दीतून आठशे किलोमीटरवरचं केंद्र निवडून त्याचं नाव स्पष्ट ऐकणं ही कानाची कसोटी होती. आणि त्या माणसाला नुसतं नाव ऐकून काय मिळत होतं? दुसऱ्या गावात आत्ता, या क्षणी कुणीतरी जागं आहे आणि बोलतंय. त्याआधी कुठल्याही पिढीला हे घरात बसून अनुभवता आलं नव्हतं. मला ते गाण्याइतकंच मोलाचं वाटतं.

आणि शिकागोने काय केलं बघा. तिथली केंद्रं सोमवारी संध्याकाळी सातनंतर आपणहून बंद राहत. 'मूक रात्र'. गावातली केंद्रं बंद झाली की गावकऱ्यांना लांबची केंद्रं ऐकता यावीत म्हणून. ही प्रथा १९२० च्या दशकात काही वर्षं चालली.

बिनतारी

मूक रात्रीबद्दल वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. आपल्या श्रोत्यांना दुसऱ्यांचं ऐकता यावं म्हणून प्रक्षेपकाने स्वतः गप्प बसायचं. आज असं कोण करेल?

जुनी_पानं

गप्प बसण्यावरून आणखी एक. इंग्लंडमध्ये १९२२ साली रिटल गावच्या एका लष्करी खोपटातून आठवड्याला अर्धा तास कार्यक्रम व्हायचा, तोही एकर्स्लीच करायचे. परवान्याची अट अशी होती की सात मिनिटं बोललात की तीन मिनिटं थांबायचं आणि सरकारी सूचना येतेय का ते ऐकायचं. म्हणजे श्रोत्यांच्या संध्याकाळीत दर सात मिनिटांनी तीन मिनिटांची पोकळी. त्या तीन मिनिटांत सेट बिघडला की केंद्र थांबलंय, हे नव्या माणसाला कसं कळणार! किती जणांनी बिचाऱ्या मिशीला उगाच हलवलं असेल.

बीबीसीचं रोजचं प्रक्षेपण १४ नोव्हेंबर १९२२ ला लंडनहून सुरू झालं तेव्हा आर्थर बरोज यांनी बातम्या दोनदा वाचल्या, एकदा भरभर आणि एकदा सावकाश, आणि कसं वाचलेलं बरं वाटतं ते लोकांना विचारलं. बातमी कानाने कशी घ्यायची हे कुणालाच माहीत नव्हतं. वाचणाराही शिकत होता, ऐकणाराही. या दोन वाचनांबद्दल मला फार जिव्हाळा वाटतो.

३१ डिसेंबर १९२३ च्या मध्यरात्री बिग बेनचे ठोके प्रथम हवेवरून गेले आणि ५ फेब्रुवारी १९२४ पासून वेळेचे सहा टिप-टिप सुरू झाले. तेव्हापासून लोक घरातली घड्याळं रेडिओवर लावू लागले.

चांदणवेल

सुरावट आणि वाल्ववाला, तुमच्या दोघांच्या वादात बसेल असा एक प्रसंग सांगते. १९ मे १९२४. सरे परगण्यातल्या ऑक्स्टेडला चेलोवादक बिअट्रिस हॅरिसन आपल्या बागेत वाजवायच्या आणि झाडीतला नाइटिंगेल पक्षी साथ द्यायचा. त्यांनी बीबीसीला गळ घातली. माइक बागेत नेला, तारा ओढल्या. पक्षी बराच वेळ गप्पच. हवेवर नुसती बागेतली रात्र. आणि मग, प्रक्षेपण संपायला थोडाच वेळ उरलेला असताना, तो गायला लागला.

मी विचार करते ते त्या आधीच्या वेळेचा. हेडफोन लावून बसलेली माणसं, कानात दुसऱ्या कुणाच्या तरी बागेतला अंधार, आणि पक्षी गाईल का याची वाट. हे संगीत ऐकणं की लांबचं ऐकणं? मला दोन्ही वाटतं.

सुरावट

चांदणवेल, हरले मी. आनंदाने हरले.

रात्रपाळी

वाट बघण्यावरून आठवलं. त्याच वर्षी, २४ जून ते ९ जुलै १९२४, न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन रेडिओवरून जात होतं. अध्यक्षपदाचा उमेदवार ठरेना. मतदानाच्या फेऱ्या झाल्या १०३! प्रत्येक फेरी अलाबामा राज्यापासून सुरू व्हायची आणि त्यांची २४ मतं अंडरवुड यांना. ऐन उन्हाळा, हवेत विजांची खरखर, तरी लोक ऐकत राहिले, आणि अलाबामाची ती आरोळी पोरांनाही पाठ झाली. राज्यकारभाराचा घोळ इतक्या जवळून, तासन्‌तास, सामान्य माणसाने ऐकण्याची ती पहिलीच खेप.

वाल्ववाला

आणि तोपर्यंत हेडफोनच्या जागी कर्ण्याचे स्पीकर आले होते, त्यामुळे ते अधिवेशन बऱ्याच जणांनी एकत्र ऐकलं. कर्ण्याचा आवाज पत्र्यासारखा, खर्ज जवळजवळ नाहीच. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूचा, हलत्या कॉइलचा स्पीकर मांडला, तिथून खर्ज घरात आला. पुढे विजेवर चालणारे सेट आले आणि आम्लाची बॅटरी गेली. बिनतारी म्हणतात ते कपाटाभोवतीचं कुटुंब या दोन बदलांनंतरचं.

बिनतारी

सगळ्यांचे आभार. रात्रपाळींचा प्रतिसाद वाचून काल मुद्दाम सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास बसलो. घरातले एलईडी दिवे, चार्जर, राउटर सगळं बंद केलं, कारण आज विजांपेक्षा यांचीच खरखर जास्त. मुलीला बरोबर घेतलं. हेडफोनच्या चकत्या पट्टीतून सोडवल्या, एक तिच्या कानाला, एक माझ्या.

उजेड होता तोवर एकच केंद्र, नेहमीचं. बातम्या, मग जाहिरात. अंधार दाटला तशी त्याच्या मागे आणखी एक कुजबुज यायला लागली. मी कंडेन्सर केसभर फिरवला. अनोळखी भाषा, बाईचा आवाज, मग तंतुवाद्य. मुलीने माझा हात घट्ट धरला, बोलली मात्र नाही. तिला कुणी सांगितलं नव्हतं बोलायचं नाही म्हणून. दोनेक मिनिटं वाद्य छान ऐकू आलं, मग हळूहळू मागे मागे जात गेलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, थांब, येईल. मिशीला हात लावला नाही.

खरंच परत आलं. कोणतं केंद्र होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कंडेन्सरच्या चकतीवरचा आकडा आणि वेळ तिने तिच्या वहीत लिहून ठेवलीय. आज पुन्हा बसणार आहोत. रात्रपाळी, काल आवाज साधारण चार-चार मिनिटांनी बुडत होता. पहाटेच्या सुमारास हे अंतर बदलतं का? बदलत असेल तर एक दिवस गजर लावून उठू.

रात्रपाळी

बदलतं. उजाडायच्या आधीचा तासभर तर आकाशातले थर सतत सरकत असतात, तेव्हा जरूर उठा. मात्र एकाच रात्रीवर जाऊ नका. सलग आठवडाभर, त्याच आकड्यावर, आवाज बुडण्याच्या आणि वर येण्याच्या वेळा घड्याळात बघून टिपा. आणि त्या वेळा मुलीलाच लिहू द्या. इथे टाका, मी माझ्या नोंदींशी ताडून बघतो.